गावदेवी मैदानाच्या लग्नपत्रिका

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. मैदानाचा विषय निघाला की लोक कौतुकाने माझ्याकडे बघत, आणि मी काहीतरी काम काढून उठून जाई. आता लिहून टाकतो.

दोन हजार सालानंतरचे दिवस. कशेळीच्या बाजूने गोदामं सरकत सरकत आमच्या वेशीला भिडली होती. गावदेवीच्या देवळापुढच्या मैदानावर एका गोदामवाल्याने हक्क सांगितला. जागा पडीक आहे, गावाने ती कधी वापरलीच नाही, असं त्याचं म्हणणं. आमच्याकडचं एकूण एक लग्न त्या मैदानात लागलेलं, पण कचेरीला कागद लागतो. भिवंडीला प्रांतसाहेबांपुढे सुनावणी लागली. मी पंचायतीचा सदस्य, त्यामुळे पुरावा आणायचं काम माझ्याकडे आलं.

पुरावा आमच्या घरातच होता. माझ्या थोरल्या वहिनी गावातल्या लग्नपत्रिका जमवत. त्यांना अक्षर येत नव्हतं. वरचा गणपती, कागदाचा रंग, लागलेलं हळदीचं बोट, यावरून त्या लग्न ओळखत आणि लग्नं लागली त्या क्रमाने पत्रिका पत्र्याच्या डब्यात रचत. प्रत्येक पत्रिकेवर छापलेलं असे: विवाहस्थळ, गावदेवी मैदान.

पण सुनावणीच्या दोनेक वर्षं आधी मी तळातला, म्हणजे सगळ्यात जुना गठ्ठा काढून बंब पेटवला होता.

"भावजी, पानी तापवाया माझीच लग्नं गावली का?" वहिनी म्हणाल्या होत्या.

"अहो, रद्दी ती. कोण बघतंय?"

आता बघणारे निघाले. उरलेल्या पत्रिका घेऊन मी पहिल्या सुनावणीला गेलो. गोदामवाल्याचा वकील म्हणाला, "या तर अलीकडच्या. त्याआधीचं काय? आणि साहेब, असल्या पत्रिका इथे भिवंडीतच, निजामपुऱ्यातल्या छापखान्यांत, संध्याकाळपर्यंत हव्या तेवढ्या छापून मिळतात." साहेबांनी पंधरा दिवसांची मुदत दिली.

घरी येऊन मी मान खाली घालून सगळं सांगितलं. वहिनींनी बंबाचा विषयही काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन त्या एसटीने गणेशपुरीकडे माहेरी गेल्या. आमच्या गावात लग्न निघालं की सुनांच्या माहेरी पत्रिका टपालाने जायची. त्यांच्या वडिलांनी आलेलं प्रत्येक पत्र आकड्याच्या तारेला टोचून ठेवलेलं. ती तार अजून आढ्याला तशीच लटकत होती.

संध्याकाळी त्यांनी पिशवी माझ्यापुढे ओतली. "जाळलेली समदी परत आनली. मधोमध भोकं हायेत, साहेबाला चालतील न्हवं?"

जाळलेल्यांपेक्षा या सरस निघाल्या. प्रत्येक पाकिटावर पोस्टाचा गोल शिक्का होता, तारखेसकट.

दुसऱ्या सुनावणीला साहेबांनी एकेक पाकीट खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं. मग वकिलाकडे वळून म्हणाले, "काय हो, पोस्टाचा शिक्काही निजामपुऱ्यात छापून मिळतो का?" सगळी खोली हसली. वकील खाली बसला.

"कोणी जमवलं हे?" साहेबांनी विचारलं.

वहिनी बाहेर आवारातल्या झाडाखाली बसल्या होत्या. मी म्हणालो, "मी, साहेब."

मैदान गावाचं राहिलं! टेम्पोत उभं राहून, गुलालाने माखून आम्ही परतलो. वेशीवर बेंजो वाजत होता. त्याच आठवड्यात मैदानात हळद लागली आणि बायका घाम निथळेस्तोवर नाचल्या. सगळ्यांत पुढे वहिनी होत्या. गोदामवाल्याने रोवलेले खांब त्याच्याच माणसांनी उपटून नेले. इतका आनंद मी गावात पुन्हा पाहिला नाही.

पुढे पंचायतीने पत्रिकांसाठी काचेचं कपाट केलं. माणसं आपल्या आजा-आजीचं लग्न शोधायला येतात, पत्रिका सापडली की मोठ्याने वाचतात. कपाटावर पाटी लागली. 'संकलन' आणि खाली माझं नाव. वहिनी ती पाटी बघायला आल्या.

"काय लिवलंय, भावजी?"

"लग्नपत्रिका," मी म्हणालो.

त्यांना नंतर कोणी सांगितलं असेलच. त्या मात्र कधी काही बोलल्या नाहीत. मी कितीदा ठरवून त्यांच्यापुढे जाऊन बसलो, चहा पिऊन उठलो. गेल्या वर्षी त्या गेल्या. पाटी आता मी बदलून घेतली आहे, तिच्यावर त्यांचं नाव आहे. तोंडून निघायला हवं होतं ते एवढंच: वहिनी, तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं वाचून दाखवलं. पत्रिका तुमच्या होत्या, मैदान तुम्ही राखलंत. मला माफ करा.