नऊचे दोन होणार नाहीत

आमच्या फ्रीगंजच्या दोन खोल्यांच्या लॅबमधून महिन्याला एखादा रिपोर्ट निघायचा, किस्से मात्र रोज! नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोळसा काढून झाला की जमिनीखाली पोकळी उरते. पुढे भिंत बांधून त्या पोकळीत वाळू-पाणी भरतात. पाणी भिंतीतून झिरपून गेलं तर ठीक. अडलं तर भिंत फुटते, आणि भिंतीपुढे माणसं काम करत असतात. ते पाणी किती दिवसांत निघेल, याचा अंदाज आमचे पटवर्धन सर द्यायचे. मी त्यांचा असिस्टंट.

*

अंगणात वाळूने भरलेला ड्रम, खाली तोटी, आणि आम्ही दोघं घड्याळ घेऊन थेंब मोजत बसलेलो. एकदा शेजारचे शर्माजी वैतागले, "भाईसाब, नल टपक रहा है तो प्लंबर बुलाओ ना!"

"टपक रहा है, इसी की तो खुशी है!" सर म्हणाले.

*

एका खाणीतून नमुना आला. धुतलेली, चाळलेली, चकचकीत वाळू! सरांच्या घरी आम्ही वहिनींना दाखवली, तर त्या म्हणाल्या, "अहो, हिच्यात शेंगदाणे भाजता येतील!"

सरांनी पोतं परत पाठवलं. सोबत चिठ्ठी : "नमूना बहुत सुंदर है. अब खदान की रेत भेजिए."

*

खरी वाळू आली ती निम्मी माती घेऊनच. ड्रमने नऊ दिवस सांगितले. खाणीच्या कंपनीने नवाकोरा कॉम्प्युटर घेतलेला, तो म्हणे दोन! मॅनेजर स्वतः लॅबमध्ये आले. "नौ के दो कर दीजिए सर. अब ज़माना फास्ट है!"

"ज़माना होगा. पानी नहीं है."

हातात तेवढं एकच मोठं काम होतं. खरं सांगतो, मला सरांचा भयंकर राग आला होता.

*

मग कंपनीने आम्हाला खाणीतच नेलं, दोन दिवसांच्या रिपोर्टवर जागेवरच सही घ्यायला. पाणी भरून तिसरा दिवस. भिंत कोरडी ठणठणीत, पुढे आठ मजूर कामाला लागलेले.

"देखिए, एक बूंद नहीं!" मॅनेजर खूश.

"अरे, मग आत सोडलेलं पाणी गेलं कुठे?" सर माझ्याकडे बघून पुटपुटले. मी वर जायच्या वाटेकडे बघायला लागलो. सरांनी मात्र भिंतीला टेकून बसकण मारली आणि डबा उघडला.

"आइए मैनेजर साहब, पूरी-भाजी है. यहीं बैठकर खाते हैं, फिर साइन करता हूँ."

सकाळी गेस्टहाउसवर आमच्यासमोर तीन कचोऱ्या रिचवलेले साहेब दोन पावलं मागे सरले. "मेरा तो... आज व्रत है."

सरांनी डबा बंद केला, उठले आणि मजुरांकडे वळून ओरडले, "चलो रे, सब ऊपर! आज सबका व्रत है!"