खांद्यावरच्या सायकली

माझा नवरा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होता. त्याची बदली झाली आणि आम्ही सांगलीकडची माणसं थेट चंदीगढला येऊन पडलो. तिथल्या एका शाळेत मला प्राथमिकच्या वर्गांना शिकवायची नोकरी लागली. शाळा दोन सेक्टर पलीकडे. सायकल मी मुलगी असल्यापासून चालवत होते आणि ते शहर तर सायकलसाठीच केल्यासारखं होतं. रस्ते रुंद, सपाट, दुतर्फा झाडं. सकाळी कचेरीच्या वेळेला कारकून, नर्सा, मास्तर, शिपाई, सगळे सायकलवर असत. साहेब लोक तेवढे गाडीत.

साहेबांना तोटा नव्हता. शहर एक आणि राजधानी दोन राज्यांची, वर केंद्राचा कारभार वेगळा. तीन सरकारांचे मंत्री, तीन सरकारांचे सचिव, त्यांच्या पांढऱ्या गाड्या आणि बंगल्यांपुढची हिरवळ. ती हिरवळ भर जूनमध्येही हिरवी असे आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या नळाला दुपारनंतर नुसती हवा येई.

बहात्तर-त्र्याहत्तरपासून महागाई भडकली. रॉकेलला रांग, डालड्याला रांग, साखर रेशनवर. दर अर्थसंकल्पात कशावर तरी नवा कर बसे. त्यात एका हिवाळ्यात सायकलकर दुपटीने वाढला. कर भरला की पत्र्याचा बिल्ला मिळे, तो सायकलला लावायचा. जुना बिल्ला माझ्याकडे होता. पण आता तो चालणार नव्हता, फरक भरून नवा घ्यायचा. त्याच आठवड्यात शाळेच्या वाटेवरच्या मोठ्या चौकात कारंज्याचं काम सुरू झालं. संगमरवरी कठडा, रंगीत दिवे. कुणीतरी मंत्री येऊन ते चालू करणार होते.

मी घरी म्हटलं, "मी नवा बिल्ला घेणार नाही."

"अगं, किती तो कर! देऊन टाक," नवरा म्हणाला.

"प्रश्न किती हा नाहीच. आपल्या नळाला पाणी नाही आणि चौकात ते रंगीत दिवे लावून उडवणार. त्याचे पैसे सायकलवाल्यांनी द्यायचे?"

तो ताटातली पोळी मोडत राहिला. सरकारी खर्चाची तपासणी हेच त्याचं काम होतं. कचेरीत काय दिसतं ते तो घरी कधी बोलत नसे. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "मी सरकारी नोकर आहे. नियम आहेत आम्हाला. उद्या मला बोलावलं तर?"

"नियम तुम्हाला आहेत. मला नाहीत," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. तो ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही धड.

दोन-चार दिवसांनी चौकात तपासणी लागली. कर खात्याची माणसं सायकली अडवून ट्रकमध्ये चढवत होती. माझ्यापुढे आमच्याच शाळेतली एक पंजाबी मुलगी होती, नुकतीच नोकरीला लागलेली. तिची सायकल तिच्या देखत वर गेली आणि ती हातात डबा धरून तशीच उभी राहिली. मी झटकन खाली उतरले.

"बिल्ला?" तिथल्या इन्स्पेक्टरने विचारलं.

"मैं चला नहीं रही हूँ," मी म्हटलं.

तो हसला. "मॅडम, उतर गए तो क्या हुआ? सायकल सड़क पर तो है. सड़क पर है तो टॅक्स है."

ट्रक भरला होता म्हणून माझी सायकल वाचली. पण ते हसणं माझ्या डोक्यात गेलं.

थंडीत दुपारी आम्ही बायका सेक्टरच्या बागेत उन्हात बसत असू. विणकाम, मुळ्याचे काप, शेंगा, गप्पा. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बीजी, म्हणजे पंजाबीत आई, तिथे मधोमध बसत. फाळणीत लाहोरकडून आलेल्या, नवरा वारलेला, लेक टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आणि तीही सायकलवर जाणारी. मी चौकातली हकिकत सांगितली. बीजींच्या सुया थांबल्या.

"पैंसठ की लड़ाई में मांगा, तो मैंने हाथ से कंगन उतार के दिया," त्या म्हणाल्या. "किसी ने ज़बरदस्ती नहीं की थी. अब फव्वारे के लिए मांगते हैं?"

खरं होतं ते. एकाहत्तरमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी टपालावर जादा तिकीट लावायला लागलं, तेव्हाही आमच्यापैकी कुणी कुरकुर केली नव्हती.

"क्या कहा था उसने? सड़क पर है तो टॅक्स है?" बीजींनी पुन्हा विचारलं.

"हां, बीजी."

"तो सड़क पर मत रखो. कंधे पर रखो."

आम्ही हसलो. बीजी हसल्या नाहीत. मग एकेकीचं हसू थांबलं.

कारंज्याच्या समारंभाची सकाळ ठरवली. बातमी कशी पसरली ते मला नीट सांगता येणार नाही. बीजींच्या लेकीने एक्स्चेंजमध्ये सांगितलं, मी शाळेत, कुणाच्या नवऱ्याने कचेरीत. माझ्या नवऱ्याला मी आदल्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "साडी घट्ट खोच. पायात येईल."

सकाळी धुकं होतं. चौकाच्या अलीकडे झाडाखाली आम्ही जमलो तेव्हा मोजक्याच बायका होत्या आणि माझं मन खचायला लागलं. एवढ्याशा बायका सायकली उचलून निघालो तर हसंच होईल, असं वाटलं. मग धुक्यातून घंट्या ऐकू आल्या. एकामागून एक माणसं येऊन उतरायला लागली. स्वेटर-मफलरमधले कारकून, पगडीवाले सरदारजी, इस्पितळातल्या मल्याळी नर्सा. पंजाबचे कर्मचारी आणि हरियाणाचे कर्मचारी, हे शहर कुणाचं यावरून एरवी चहाच्या टपरीवर भांडणारे, शेजारी शेजारी उभे होते.

सायकल उचलणं सोपं नाही. लोखंड ते. दांडा खांद्यात रुततो, पेडल बरगडीत टोचतं. शेजारचे एक सरदारजी म्हणाले, "भैनजी, मैं उठा लूं?"

"नहीं जी. मेरी मैं ही उठाऊंगी."

आम्ही चालायला लागलो. आमच्या शाळेतल्या त्या तरुण मुलीने दंड भरून सायकल सोडवून आणली होती. ती माझ्यापुढे होती. बीजींकडे सायकल नव्हती. त्यांनी लेकीच्या सायकलचं मागचं चाक धरलं होतं. घोषणा नाहीत, फलक नाहीत. नुसते पायांचे आवाज आणि सायकलींच्या साखळ्यांची खुळखुळ.

चौकात मांडव, झेंडूच्या माळा, खुर्च्या. पांढऱ्या गाड्यांची रांग आमच्यामुळे अडली. तोच इन्स्पेक्टर धावत आला.

"ये क्या तमाशा है?"

"तमाशा नहीं, सामान है," मी म्हटलं. धाप लागली होती, पण आवाज कापला नाही. "सड़क पर नहीं है, देख लीजिए. कंधे पर है. सामान पर टॅक्स हो तो बताइए."

मागे कुणीतरी मोठ्याने हसलं आणि ते हसू रांगभर पसरत गेलं. इन्स्पेक्टरने पोलिसांकडे पाहिलं. पोलिसांच्या सायकली पलीकडे भिंतीला टेकवलेल्या होत्या. एक हवालदार मिशीत हसत दुसरीकडे बघायला लागला.

आम्ही कारंज्याला पूर्ण वळसा घातला. शेवटचा माणूस जाईपर्यंत गाड्या थांबूनच होत्या. मंत्री उतरले नाहीत. कारंजं त्या सकाळी चालू झालंच नाही. मग कधीतरी कुणीतरी गुपचूप चावी फिरवली असेल.

माझा खांदा आठवडाभर काळानिळा होता. शाळेच्या मुख्याध्यापिकेने मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि चहा पाजला. नवऱ्याला मात्र खरंच बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं, "तुमच्या पत्नीवर तुमचा ताबा नाही का?"

"मी म्हटलं, नाही," संध्याकाळी बूट काढता काढता तो मला सांगत होता. "म्हटलं, सगळे नियम वाचलेत साहेब, बायकोवर ताबा असावा असं कुठल्याच कलमात नाही."

"मग?"

"मग काय! जा म्हणाले."

वाढीव कर रद्द झाला असं कुणी कधी जाहीर केलं नाही. फक्त चौकातली तपासणी बंद झाली आणि जुन्या बिल्ल्यांवर सगळं शहर फिरत राहिलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात सरकारने नवा हुकूम काढला. वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा हिस्सा हातात न देता सक्तीने ठेव म्हणून कापायचा. सेक्टर १७ च्या बाजारचौकात कर्मचाऱ्यांची सभा ठरली. मी वह्या तपासत बसले होते. नवरा छत्री घेऊन दाराशी उभा राहिला.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

"सभेला."

"आणि नियम?"

"बघू," तो म्हणाला. "तू येतेस की मी पुढे होऊ?"

मी वह्या तशाच टाकल्या आणि चपला घातल्या.