आसगावच्या लग्नातला आवाज

आमचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. नवरा कॅमेरा धरायचा, मी भंडाऱ्याला घरी बसून एडिटिंग करायचे. जुना कॉम्प्युटर इतका अडकायचा, की वरमाला गळ्यात पडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. शेवटी गेल्या हिवाळ्यात ह्यांनी नवा आणला.

"याची रॅम फास्ट आहे," ते म्हणाले.

"म्हणजे काय होते?"

"धानाचा रोवणा पाह्यला ना तू? बांधीतल्या चिखलात बाया रोपं रोवतात, एक जण पऱ्ह्यांच्या जुड्या फेकते. प्रोसेसर म्हणजे त्या बाया. जुडी उशिरा आली का रिकाम्या उभ्या राहतात. कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाच्या एका ठोक्याले पयलेची रॅम एकदाच फेकायची. मंग ठोका चढतानाही अन् उतरतानाही फेकणारी आली. ही तर एका हाकेत जास्त जुड्या काढून ठेवते. वरून रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या, म्हणजे दोघं जण फेकून राहिले!"

महिनाभरानं ते आसगावच्या लग्नाचं शूटिंग करून आले, अंगणात गाडी लावली आणि छातीला हात धरून खाली बसले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवीनंतर नवरीच्या वडिलांचा फोन आला. "ताई, फिल्मची आमाले घाई नाही." इतकं समजून घेणाऱ्यांना ताटकळत ठेवणं बरं वाटेना, म्हणूनच मी कामाला बसले.

कॅमेऱ्यामागचा माणूस फिल्ममध्ये दिसत नाही, त्याचा आवाज मात्र येतो. "नवरदेव, हसा ना जरा! कायले घाबरून राहिले?" तो आवाज काढून वर गाणं टाकायचं, हे माझं नेहमीचं काम. पूर्वी कॉम्प्युटर अडकला की तेवढा दम घेता यायचा. आता काहीच थांबेना. दुपारपर्यंत त्यांचा सगळा आवाज मी काढून टाकला.

तेवढ्यात लाईट गेली. रॅम कितीही फास्ट असो, वीज गेली की तिच्यातलं सगळं जातं, आणि मी सेव्ह केलं नव्हतं. लाईट आल्यावर मूळ शूटिंग लावलं, तर ते पुन्हा बोलायला लागले. टेबलावर डोकं ठेवून मी रडले. मग पुन्हा एकेक आवाज काढला.

पेनड्राइव्ह द्यायला गेले तेव्हा नवरी माहेरी आली होती. तिनं तिथंच टीव्हीवर लावून पाहिलं.

"काकू, काकांनं आमाले किती हसवलं होतं. ते कुठी गेलं?"

"ते काढावंच लागते, बाई."

"आमच्यातलं नका काढू."

घरी येऊन सगळे आवाज ठेवून दुसरी फिल्म बनवली आणि पाठवून दिली. ती मात्र मी एकदाही लावून पाहिली नाही.