उठाबाईंची शिकवणी

आमच्या गणिताच्या शिकवणीच्या बाई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, भिंतीला टेकून आम्ही बसायचो. आमच्या डोक्यांच्या तेलाचे गोल डाग त्या भिंतीवर ओळीने उमटलेले असत. शाळा सुटली की थेट तिथे, ते दिवेलागणीपर्यंत. जरा चुळबूळ झाली की बाई पट्टी आपटायच्या. जमिनीवरच आपटायच्या, पण धडकी आम्हाला भरायची.

त्यांची लेक ठमी आमच्यातच बसायची. गुटगुटीत, शांत, एकदा बसली की जागची हलायची नाही. बाईंना त्याचं केवढं कौतुक!

त्या वर्षी तपासणीत ठमीच्या रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा मधुमेह नाही, पण वाट तिकडचीच आहे. खाणं सांभाळा, खेळू द्या. आणि हिला तासन्‌तास बसवून ठेवू नका. थोड्या थोड्या वेळाने उठवा, चालू दे." हे सगळं मला ठमीनेच सांगितलं, अगदी हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी उदाहरण अर्ध्यावर थांबवून बाई म्हणाल्या, "ठमे, ऊठ. खाली एक फेरी मारून ये."

ठमीचा चेहरा लालबुंद झाला. "मी एकटी नाही जाणार. सगळे हसतील."

कोणीतरी फिसकन हसलंच. बाईंनी पट्टी बाजूला ठेवली. "उठा रे सगळे!"

आम्ही पाढे म्हणत जिना उतरलो आणि पाढे म्हणतच वर चढलो. पुढे बाई, धापा टाकत. तेराच्या पाढ्यात सगळे अडखळलो, तर पुन्हा खाली! तळमजल्यावरचे शिंपीकाका मशीन थांबवून बघायला आले. "बाई, शिकवणी आहे का घोड्यांची शर्यत?"

मग ते रोजचंच झालं आणि बाईंच्या उठाबाई झाल्या. एका मुलाचे वडील मात्र तावातावाने आले. "आम्ही पोराला अभ्यासाला पाठवतो, हुंदडायला नाही."

"अहो, डोकं तरी पायांवरच उभं असतं ना?" बाई म्हणाल्या.

त्या वडिलांनी मुलाला शिकवणीतून काढून घेतलं. पाठोपाठ आणखी काही जण गेले. बाईंचा चेहरा पडला, पण नेम चुकला नाही. आई म्हणायची, "बाईंनी लेकीसाठी हट्टच धरलाय." तसा तो होताच. पण जिना धडधडवताना आम्हाला काय त्याचं!

पुढच्या वर्षी ठमीची साखर जागेवर आली. खाणं, खेळ, उठणं, सगळ्याचंच फळ, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी बाईंनी पहिल्यांदाच शिकवणीला सुट्टी दिली. आम्ही समोरच्या मैदानात लपंडाव खेळलो. ठमीवर राज्य आलं होतं आणि ती आम्हाला शोधत जिवाच्या आकांताने पळत होती. अंधार पडला तरी गॅलरीतून एकदाही हाक आली नाही. कठड्याला रेलून बाई नुसत्या बघत उभ्या होत्या.