फवारणीच्या वहीतली साहित्यसेवा

गेल्या हंगामात माझ्या थोरल्या भावाची द्राक्षं एका अर्धवट वाक्यामुळे वेलीवरच अडकायची वेळ आली. वाक्य माझं होतं.

मी नाशिक रोडला राहतो, एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतो आणि गेली बावीस वर्षं लेखक होण्याच्या तयारीत आहे. तयारी चोख आहे. तीन चांगली पेनं आहेत, खिडकीपाशी टेबल आहे, टेबलावर दिवा आहे. लिखाण तेवढं राहिलंय. अशातच माझ्या आवडत्या लेखकांनी लिहावं कसं हे शिकवणारं एक पुस्तक काढलं. (त्यांचं नाव सांगत नाही. त्यांचा यात काही दोष नाही, आणि दादाला ते नाव अजून कळलेलं नाही.) मी ते आठवड्यात दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना खुणा केल्या, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीखाली खूण आल्यामुळे शेवटी न खुणावलेली वाक्यंच डोळ्यांत भरायला लागली. त्यातलं एक सांगणं माझ्या काळजात रुतून बसलं. विषय शोधत फिरू नका, म्हणे. हातात जे काम असेल त्यातच साहित्य आहे.

माझ्या हातात त्या रविवारी दादाची फवारणीची वही होती.

दादाची वणीच्या अलीकडे तीन एकर द्राक्षबाग आहे आणि माल बाहेरच्या देशात जातो. बाहेर जाणाऱ्या मालाचे फार लाड असतात. कुठल्या तारखेला काय रोग दिसला, कुठलं औषध किती मारलं, हे सगळं वहीत लागतं. शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात ठरलेले दिवस गेले नसले, तर कंपनी माल उचलत नाही. दादा हे सगळं नेमाने टिपतो, फक्त वहीत टिपत नाही. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, लग्नपत्रिकेची मागची बाजू, जे हाताला लागेल त्यावर. मग कंपनीचे साहेब यायच्या आदल्या दिवशी मला बोलावणं येतं, कारण घरात अक्षर माझं बरं. सहा वर्षं मी त्या चिठ्ठ्यांवरून वही उतरवून देत होतो. सहा वर्षांत कधी तक्रार आली नाही.

वहीच्या पानाला सहा रकाने असतात. पाच रकान्यांत तारखा, नावं आणि आकडे. तिथे मी काही केलं नाही, तेवढी अक्कल शाबूत होती. पण सहावा रकाना असतो 'शेरा'. दरवर्षी मी त्यात 'ठीक' लिहायचो. ओळीने ठीक, ठीक, ठीक. त्या वर्षी मात्र पुस्तक आठवलं. कोरडं वाक्य म्हणजे वाचकाचा अपमान, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. म्हटलं, कंपनीचा साहेब झाला म्हणून काय झालं, तोही वाचकच.

पहिल्या ओळीत मी लिहिलं, 'भुरी आली. न सांगता आली, आणि आल्या आल्या पानापानावर पसरून बसली.' (भुरी म्हणजे पानांवर पिठासारखा पसरणारा रोग.) वाचून पाहिलं. बरं वाटलं. मग हात मोकळा झाला. ढगाळ हवामानाच्या दिवशी दादाच्या कपाळावरची आठी घातली. औषध कालवताना वहिनींनी सोडलेला उसासा घातला. (वहिनींनी तो सोडला होता की नाही, याची चौकशी केली नाही.) पुढे पुस्तकात एक आख्खं प्रकरण संघर्षावर आहे, म्हणून एका फवारणीच्या वेळी दादाचं मन कचरलं असंही लिहून टाकलं. दुपारचे चार वाजले तेव्हा मी शेवटच्या चिठ्ठीशी पोहोचलो होतो. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बुधवार. भुरीचं औषध. ब्लोअर बंद.'

ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचा फवारणीचा पंप. तो बंद पडला, त्यामुळे फवारणी झालीच नाही, इतकं साधं प्रकरण. पण पुस्तकात शेवटाबद्दल काय म्हटलंय? सगळं सांगून टाकू नका, वाचकाला टांगून ठेवा. मी औषधाचं नाव लिहिलं, प्रमाण लिहिलं, आणि शेऱ्यात लिहिलं, 'द्रावण तयार होतं. दादाने ट्रॅक्टरला किल्ली दिली. आणि मग...'

तीन टिंबं दिली. त्या टिंबांचा मला फार अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सोमवार. साहेबांशी नीट बोलणारं कोणीतरी हवं म्हणून दादाने मला रजा टाकायला लावून ठेवून घेतलं होतं. सकाळी अंघोळीचा बंब पेटवायला कागद हवा होता, आणि पुस्तकात होतंच की कच्चा खर्डा मागे ठेवू नये, जाळून टाकावा, म्हणजे लेखक पुढे जातो. मी दादाच्या सगळ्या चिठ्ठ्या बंबात घातल्या. पाणी चांगलं कढत आलं.

दहाच्या सुमारास साहेब आले. तिशीचा, शांत, सभ्य मुलगा. ओसरीवर बसून त्यांनी वही उघडली. पहिलं पान वाचलं, पुन्हा पहिल्या ओळीवर गेले, मग मान वर करून मला विचारलं, "तुम्ही लेखक आहात का?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला हा प्रश्न विचारत होतं, आणि दादाचा चेहरा बघून मला नाही म्हणावं लागलं.

साहेब सावकाश वाचत गेले. आठीपाशी थोडे थांबले. उसाशापाशी त्यांनी आत वहिनींकडे एकदा पाहिलं. मन कचरलं त्या ओळीवर त्यांनी दादाला विचारलं की मन कचरलं म्हणजे औषध कमी मारलं का. दादाला मन कचरल्याचं तेव्हाच कळत होतं. तो म्हणाला नाही, पुरतं मारलं. साहेबांनी पेन्सिलीने काहीतरी टिपलं. आणि मग ते शेवटच्या ओळीवर आले.

"आणि मग काय?"

"मग काय नाय साहेब, ब्लोअर बंद पडला. फवारणी झालीच नाय," दादा म्हणाला.

"इथे तसं नाही लिहिलेलं. इथे औषध आहे, प्रमाण आहे, किल्ली दिलेली आहे."

"अहो, ते यानं..." दादाने माझ्याकडे पाहिलं. पुढचे शब्द त्याने साहेबांसमोर गिळले.

साहेबांनी समजावून सांगितलं. त्या बुधवारी फवारणी झाली असेल, तर अजून तीन आठवडे माल तोडता येत नाही. झाली नसेल, तर शनिवारी तोडा. तोंडी काही चालत नाही. मूळ टिपणं असतील तर दाखवा, नाहीतर नमुना पुन्हा प्रयोगशाळेत पाठवू, आठ-दहा दिवस थांबावं लागेल. तोवर कंटेनर निघून जाईल. दादाने आभाळाकडे पाहिलं. दोन दिवस ढग येत होते. एक सर आली की मणी तडकतात, आणि वर्षभराची बाग बेदाण्याच्या भावाने जाते.

"सुभाष," दादा म्हणाला, "चिठ्ठ्या आण."

मला खरं सांगायला फार लाज वाटली, पण सांगितलं. दादा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता खाली बसला आणि पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. त्या क्षणी मी पुन्हा कधी पेन हातात न धरण्याची शपथ घेतली. (ती मोडूनच हे लिहितोय.)

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवले, आत गेल्या, स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यासकट उपटून आणलं आणि साहेबांसमोर ठेवलं. तारखांच्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहिलं होतं. सोमवार, 'गॅस लावला.' मंगळवार, 'म्हैस व्याली. रेडी.' बुधवार, 'ब्लोअर बिघडला. फवारणी नाही.' गुरुवार, 'ब्लोअर पिंपळगावला दिला.' रविवार, 'ब्लोअर आला. भाऊजी आले.'

साहेबांनी पिंपळगावच्या मेकॅनिकला फोन लावून खात्री केली, कॅलेंडरचा फोटो काढला आणि माझ्या ओळीवर काट मारून सही केली. "हे कसं, वाचलं की कळतं," ते वहिनींना म्हणाले. वहिनींनी अजून लिहिण्यावरचं एकही पुस्तक वाचलेलं नाही.

शनिवारी माल तुटला, पाऊस रविवारी आला. दादा महिनाभर माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलला, मग हळूहळू निवळला. मी पुस्तक कपाटात मागे सारलं, पण त्यातला एक धडा विसरता येईना. लिहून झालं की एकेक शब्द काढून बघा, म्हणे. जो काढता येत नाही तोच खरा.

यंदा छाटणीनंतर एका रविवारी मी आदल्या दिवशी फोन करून आपणहून गेलो. यंदा 'ठीक'शिवाय काही लिहिणार नव्हतो, तसं मनाशी पक्कं केलं होतं. पण वही सापडेना. कपाटात नाही, देव्हाऱ्यामागे नाही. वहिनींना विचारलं तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "असंल इथंच कुठं, भाऊजी. तुम्ही बसा, चहा घ्या."

मी चहा घेत सहज कॅलेंडरकडे पाहिलं. त्या रविवारच्या चौकोनात चार शब्द होते.

'भाऊजी येणार. वही लपवणे.'

मी एकेक शब्द काढून पाहिला. एकही काढता येत नाही.