जामीनदाराच्या फोनातला ठिपका

बांधावरच्या हाणामारीच्या केसमधून चुलतभाऊ जामिनावर सुटला, तेव्हा जामीनदार मी होतो. माझा सातबारा कोर्टात लागला होता. फोनचं लोकेशन तपास अधिकाऱ्याला चोवीस तास दिसलं पाहिजे, अशी अट होती. ते मलाही दिसावं, असं कोर्टानं कुठंच म्हटलं नव्हतं. ते मी म्हटलं. कोळवणच्या एसटी थांब्यावर, तो सुटून उतरला तिथंच. "माझी जमीन अडकलीय, मला पण दिसू दे." त्यानं फोन माझ्या हातात दिला.

आधी नकाशावरचा त्याचा ठिपका दिवसातून एकदा बघायचो. मग जेवताना, भाताच्या खाचरात चिखलणी करताना, संडासातसुद्धा. बायको म्हणाली, "पोलीस बरे तुमच्यापेक्षा." मी तिच्यावर खेकसलो.

केस आहे कळलं की त्याला कुणी कामाला ठेवत नसे. म्हणून तो कामाला कुठं जातो, हे घरच्यांनाही सांगायचा नाही. चहाच्या टपरीवर एकदा विषय निघालाच.

"बाई ठिवली आसंल त्यानं," एकजण म्हणाला. "आन् जामीनदाराला बी पत्ता न्हाई व्हय?"

सगळे हसले. मला ते लागलं. मी फोन काढून ठिपका त्यांच्यासमोर धरला.

एका फार्महाऊसचा ड्रायव्हर शेजारीच चहा पीत होता. तो वाकून बघायला लागला. "आरं, ह्यो तर आमचा बंगला! आमचा माळी केसवाला हाय?"

आठवड्याच्या आत त्याचं काम गेलं. मालकाला कुठून कळलं, हे त्याला समजलं नाही. मी दीड वर्ष गप्प बसलो.

खटला अजून उभा राहिलेला नाही. वकिलानं अर्ज केला तेव्हा पोलिसांना लोकेशन द्यायची अट कोर्टानं काढली. माझ्या फोनात ठिपका राहिला. परवा त्याच्या गोठ्यात जाऊन सगळं सांगितलं. तो म्हशीला वैरण टाकत होता.

वैरण टाकून झाल्यावर म्हणाला, "लई हसले आसतील, दादा."

"हसले. आता बंद कर ते. मला बघायचं नाही."

"आन् उद्या जामीन काढून घेतला तुमी, तर?"

मी पोरीची शपथ घेतली. त्यानं मान डोलावली.

आज सकाळी ठिपका होताच. माझ्या बाजूनं तो लपवता येतो, असं मुलगी सांगते. लपवीन. पण मी बघत नाही, हे त्याला कसं पटायचं?