कपाळ टेकल्यावर

शेजारच्या फिलूमावशींचा विल्सन फादर होणार होता, म्हणून मी वसईच्या त्या चर्चमध्ये पहिल्यांदाच गेले. मावशींनी मला पुढच्या बाकावर, आपल्या शेजारी बसवून घेतलं. पांढऱ्या झग्यातला विल्सन वेदीसमोर आला आणि चक्क फरशीवर पालथा पडला. कपाळ जमिनीला टेकलेलं.

मी चरकलेच. मला वाटायचं, हे लोक बाकावर बसून गाणी म्हणतात, फार तर गुडघे टेकतात. जमिनीला कपाळ लावणं आमच्या घरातलं, अब्बांचं.

सगळे गुडघ्यांवर आले. संतांची नावं एकामागून एक गायली जात होती. विल्सन मात्र हलत नव्हता. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

अम्मी गेली त्या दिवसांत अब्बा नमाज पढताना असेच सजद्यात राहायचे. कपाळ चटईवरून लवकर उठायचंच नाही. मी लहान होते. हळूच जाऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवायचे, ती वरखाली होतेय का बघायला. चाची दटावायची.

कपाळ टेकणारा कुठे पोचतो, मला ठाऊक नाही. मागे राहिलेल्यांना फक्त त्याची पाठ दिसते.

एवढ्यात मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांची नजर लेकाच्या पाठीवरून हलत नव्हती.

"बघ गं," त्या पुटपुटल्या, "श्वास घेतोय ना तो?"